शिरोलीच्या फौंड्रीत समावेशकतेचे प्रशिक्षण: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहतो. आमच्याकडून कास्टिंग (ओतीव भाग) घेणाऱ्या एका कंपनीने यंदा विविधता आणि समावेशकता या विषयावर सर्व कामगारांचे प्रशिक्षण झाल्याचा पुरावा मागितला आहे. गेल्या वर्षी असेच प्रशिक्षण झाले होते. दोन तास पडद्यावर इंग्रजी मजकूर दाखवला गेला, हजेरीच्या सह्या झाल्या, चहा झाला आणि विषय तिथेच संपला. फेटलिंगमध्ये (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागात) काम करणाऱ्या बिहार-ओडिशाच्या मुलांना त्यातले काय कळले असेल, हे मलाही सांगता येणार नाही.

पुढे महिन्याभरातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाण्याच्या पिंपाजवळ साखळीने बांधलेला एक स्टीलचा पेला असतो. मोल्डिंगला (साचे बनवण्याच्या विभागात) नव्याने लागलेला एक मुलगा कोणत्या वस्तीतून येतो हे कळल्यावर त्या पाळीतील काही जणांनी स्वतःचे पेले आणून लॉकरमध्ये ठेवले. तोंडाने कोणी काहीच बोलले नाही, त्यामुळे तक्रारही झाली नाही. तो मुलगा आता घरून बाटली आणतो. प्रशिक्षण या पेल्यापर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर ते कसे घ्यावे?

उत्तर १ (अंतर्गत समितीवरील बाहेरची सदस्य)

प्रथम कायद्याची बाजू सांगते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष महिला असावी लागते आणि कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने समान संधीचे धोरण जाहीर करणे आस्थापनांवर बंधनकारक केले आहे. ही कागदपत्रे तयार नसतील तर ती आधी करा.

मात्र माझा अनुभव असा की कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातल्या) बायकांपुढे मी कितीही चांगले बोलले, तरी त्यांचे स्वच्छतागृह यार्डाच्या पलीकडच्या टोकाला असेल आणि तिथपर्यंत जाताना त्यांना पुरुषांच्या घोळक्यातून जावे लागत असेल, तर माझे बोलणे त्यांना खोटेच वाटते. म्हणून मी आता प्रशिक्षणाच्या आधी एक पूर्ण पाळी शॉपमध्ये फिरते. एका ठिकाणी कर्णबधिर कामगाराला क्रेनची शिट्टी ऐकू येत नव्हती आणि सहकारी त्याला हाताला धरून बाजूला ओढत असत. क्रेनवर लुकलुकणारा दिवा बसला, त्यानंतरच मी सर्वांसमोर बोलायला उभी राहिले.

उत्तर २ (मोल्डिंगचा निवृत्त सुपरवायझर)

पेल्याचे वाचून गंगाराम कांबळे यांची आठवण झाली. कोल्हापूर संस्थानात नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र चहाचे दुकान काढून दिले आणि तिथे जाऊन स्वतः चहा घेतला. छत्रपती तिथे चहा घेतात म्हटल्यावर सोबतच्या मंडळींना नाही म्हणणे अवघड झाले. 26 जुलै 1902 च्या आदेशाने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा केवळ हुकमावर थांबला नाही, हे आपण कोल्हापूरकरांनी विसरू नये.

तेव्हा आधी मालकांना आणि पाळीच्या मुकादमाला तयार करा. मुकादमाने त्याच साखळीच्या पेल्याने सर्वांदेखत पाणी प्यावे. कामगार प्रशिक्षकाकडे पाहत नाही, तो मुकादमाकडे पाहतो. पाळी सुरू होण्यापूर्वी सुरक्षेच्या सूचनांसाठी जी दहा मिनिटे उभे राहतात, तीच वेळ वापरा आणि मराठी व हिंदी, दोन्ही भाषांत बोला.

उत्तर ३ (शिरोळ तालुका)

मी कारखान्यातली नाही, पण आमच्या तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून गावोगावच्या बैठकांना जाते. ठरावाला हात सगळेच वर करतात. खरी कसोटी मयताच्या दारात लागते, जेव्हा एखादी वयस्क बाई सुनेच्या बांगड्या फोडायला पुढे होते आणि घरातलेच कोणीतरी "राहू द्या" म्हणावे लागते. हे शब्द त्या क्षणी आपोआप सुचत नाहीत, म्हणून आम्ही बैठकीत बायकांकडून ते मोठ्याने म्हणवून घेतो. प्रत्येक घरात कोण बोलणार, हेही आधीच ठरवतो. तुमच्या पाळीतही कोणी, कोणत्या वेळी, काय बोलायचे याचा सराव करून घ्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. मुकादमांशी उद्याच बोलतो. त्या मुलाला सर्वांपुढे बोलावून सगळ्यांसोबत पाणी प्यायला लावावे का?

उत्तर २

मुळीच नको. त्याला पुन्हा सर्वांच्या नजरेसमोर उभे करू नका. त्याच्याशी एकट्याशी बोला, त्याला काय हवे ते विचारा आणि बाटली बंद करायची की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या. पेले लॉकरमधून बाहेर काढायचे काम इतरांचे आहे.