फिरता दवाखाना कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचतो. उपचार पोहोचतात का?

रानवाट: ‘महिन्यातून एकदा फिरता दवाखाना गेला, की दुर्गम कॉफी मळ्यांवरील आरोग्याचा प्रश्न निम्मा सुटतो,’ हे परवाच्या लेखातले वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून हा धागा. मी दोन वर्षे अशा गाडीबरोबर औषधे वाटली आहेत. अरेबिका जातीच्या कॉफीची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. तीच झाडे पुन्हापुन्हा हाताने वेचावी लागतात आणि मजुरी बहुधा तोडलेल्या फळांच्या वजनावर ठरते. आमची गाडी दहाला यायची, तीनला परतायची, तेव्हा तोडणारे सगळे उतारावर असायचे. रक्तदाबाच्या गोळ्या तीस दिवसांच्या द्यायच्या आणि पावसात रस्ता खचला की गाडी पन्नासाव्या दिवशी पोहोचायची.

निळी छत्री: हा दोष वेळापत्रकाचा आहे, गाडीचा नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीच घ्या: गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावले, की संशयास्पद भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो आणि तो योग्य प्रकारचा असेल तर त्याच भेटीत उष्णतेने नष्ट करता येतो. माझी मावशी मळ्यावर तोडणी करायची. शहरात जायचे तर दोन दिवसांचा रोज बुडतो, म्हणून ती तपासणी पुढे ढकलत राहिली, आणि निदान झाले तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती. ‘निम्मा प्रश्न’ या शब्दांवर तुम्ही खुशाल वाद घाला, परंतु तिच्यासाठी अशी एक गाडी पुरेशी ठरली असती.

हिशेबवही: मावशींबद्दल ऐकून वाईट वाटले. तरीही, या गाड्यांचा खर्च कोण देणार, हे दोघांनीही टाळले आहे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील, कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी कोट्यांची व्यवस्था कोसळली आणि भाव गडगडले. तेव्हापासून भावातील चढउताराचा मार मुख्यतः उत्पादकांवर पडतो. मी एका मळ्यावर लेखनिक होतो. भाव उतरला त्या वर्षी मालकाने रोपवाटिका, खते, कुंपण यांच्या खर्चाला हात लावला नाही. मजुरांची नर्स मात्र काढून टाकली. देणगीवर चालणारी गाडीही अशीच एके दिवशी बंद होईल.

निळी छत्री: म्हणजे पैशाची कायमची सोय होईपर्यंत बायकांनी थांबायचे? हा युक्तिवाद मी पोटभरलेल्या माणसांकडूनच ऐकत आले आहे.

हिशेबवही: मी थांबा म्हटलेले नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. खरेदीदारांनी भावातच आरोग्याचा वाटा धरावा आणि तो थेट मजुरांच्या समितीकडे जावा, मालकाकडे नव्हे, एवढीच माझी मागणी आहे. सरकारने हात झटकावेत, असाही याचा अर्थ नाही.

रानवाट: समितीचे पटते, तपासणीचा मुद्दाही मान्य करावा लागतो, जरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून या कर्करोगास कारणीभूत विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राधान्य दिले असले तरी. त्या चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो, त्यामुळे तोडणीही थांबत नाही. मात्र जिच्या नमुन्यात विषाणू सापडेल, तिला पुढच्या फेरीपूर्वी गाठणारी, त्याच वस्तीत राहणारी प्रशिक्षित बाई नसेल, तर तो निकाल गाडीच्या कपाटातच पडून राहील. रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठाही तिच्याकडेच ठेवा. गाडीवरचा निम्मा पैसा तिच्या पगारासाठी वळवायला तुम्ही दोघे तयार आहात का?

निळी छत्री: निम्मा नाही. एक तृतीयांश, आणि गाडीने संध्याकाळी थांबायचे.