नव्या कादंबऱ्या तालुक्यापर्यंत पोचत का नाहीत? (वाचनालयासाठी यादी हवी आहे)

देवघेव

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. अनुदानाचा हप्ता हातात आला की ३१ मार्चच्या आत पुस्तकखरेदी उरकून बिलं लावायची असतात. २०२२ साली सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, त्याची फार गरज होती. तरी पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं यांतून पुस्तकांसाठी जे उरतं ते जपूनच खर्चावं लागतं. म्हणून विचारते : गेल्या दहा-एक वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या आणि कथासंग्रहांपैकी तुम्ही स्वतः काय वाचलंत आणि दुसऱ्याच्या हातात आग्रहाने काय दिलंत? पुरस्कारांच्या याद्या माझ्याकडे आहेत. मला वाचलेलं हवंय.

कारण सांगते. वितरकांच्या याद्या येतात त्यांत सुरुवातीची पानं असतात यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, अशा अनुवादांची. मग ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या, मग जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या. नव्या लेखकाची कादंबरी पार शेवटी, नाव आणि किंमत एवढ्या एका ओळीत. कशावर लिहिलीय, कोणत्या भागातली आहे, काही नाही. समितीवरची मंडळी विचारतात, “हे घेऊन वाचणार कोण?” आणि माझ्याकडेही सांगायला काही नसतं.

आमच्याकडची ‘मृत्युंजय’ची प्रत नव्याने बांधून घेतली आहे, तरी ती कपाटात टिकत नाही. ती कादंबरी १९६७ सालची. १९८८च्या ‘पानिपत’चंही तेच. ही पुस्तकं आजही मागून नेली जातात याचा मला आनंद आहे. पण त्यावरून “मराठी माणूस नवं वाचत नाही” असं जे सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. देवघेवीच्या टेबलावर बसून मी वेगळं बघते.

देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ घ्या. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले. पुस्तक देशमुख आणि कंपनीने काढलं आणि २०२४ साली त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपडे आले आणि शिंप्याच्या मशीनवरचं काम कसं आटत गेलं, त्याची ही गोष्ट. आमच्याकडे प्रत आली आणि ‘नवीन पुस्तके’च्या फळीवर पडून राहिली. बाजारपेठेतले एक शिंपी रविवारच्या पुरवण्या वाचायला मुक्तद्वार विभागात येतात. एकदा मी ती प्रत त्यांच्यापुढे ठेवली. “मी सभासद नाही, ताई,” म्हणाले. माझ्या नावावर नोंदवून दिली. पुढच्या रविवारी परत आणली तेव्हा पानांत खूण म्हणून काज्याच्या दोऱ्याचा तुकडा होता. पुरवणी बाजूला राहिली आणि ते उभ्या उभ्या बोलत राहिले : पॅन्टची लांबी कमी करणं, चेन बदलणं, ब्लाउज उसवून सैल करणं, यावरच आता दुकान कसं चालतं, मुलाने हे काम शिकू नये असं का वाटतं. बोलून झाल्यावर अनामत भरून ते सभासद झाले. नंतर ती प्रत त्यांच्या भावाने नेली, मग ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंनी, मग त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरत आलीय.

कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’चं असंच झालं. प्रकल्पात गाव गेलेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा तिकडे जातो. आमच्या जिल्ह्यात कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेली कितीतरी घरं आहेत. अशाच एका घरात नातवाने ती आजोबांना रोज थोडी थोडी वाचून दाखवली. पुस्तक द्यायला आला तेव्हा “याच लेखकाचं दुसरं आहे का?” हे आजोबांनी विचारायला सांगितलं होतं. नव्हतं. मागवलं, तर “सध्या प्रत उपलब्ध नाही” असं उत्तर आलं.

तेव्हा दुसरा प्रश्न प्रकाशन व्यवसायातल्या लोकांना. पुस्तकाचं नाव आमच्या कानावर येईपर्यंत ते संपलेलं कसं असतं? आणि संपतं, म्हणजे खपतं, तर मग कथा-कादंबरीला वाचक नाही असं कशाच्या आधारावर म्हणतात?

---

फर्मा सोळा

ताई, पुण्यात छोटी प्रकाशन संस्था चालवतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हा हिशेब वाचकांपुढे कधी येत नाही.

पूर्वी कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. आज नव्या लेखकाची कादंबरी आम्ही ३०० प्रतींची काढतो. डिजिटल छपाईमुळे ते जमतं. संपली की पुन्हा शंभर-दोनशे छापायच्या, असा बेत असतो. पण नवी छपाई करायला मागणी एकदम यावी लागते. एक प्रत नगरला, दोन लातूरला, एक तुमच्याकडे, तीही चार महिन्यांच्या अंतराने, अशी आली की पुनर्मुद्रण रखडतं. म्हणून “उपलब्ध नाही.”

२४० पानांची कादंबरी म्हणजे सोळा पानी पंधरा फर्मे. किंमत ३५० रुपये धरा. वितरकाला ४५ टक्के दिले की हातात १९२ रुपये ५० पैसे येतात. लेखकाचं मानधन दहा टक्क्यांनी ३५ रुपये. इतक्या कमी प्रतींत छपाई आणि बांधणी साधारण ११५ रुपयांना पडते. उरले ४२ रुपये ५० पैसे. सगळ्या ३०० प्रती विकल्या गेल्या आणि सगळी उधारी वसूल झाली तर १२,७५० रुपये. त्यात मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि संपादन. संपादन मी हिशेबात धरतच नाही, ते रात्री जेवणानंतर करतो. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर आहे, आणि त्याची वजावट आम्हाला मिळत नाही. २०२२ साली कागद भडकला तेव्हा तयार असलेली दोन हस्तलिखितं मी थांबवली होती. त्यांतलं एक अजून माझ्याकडेच आहे. फार चांगलं आहे.

वाचक नाही असं मी कधीच म्हणणार नाही. शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’ २०२१ साली लोकवाङ्मय गृहाने काढलं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ते आत्मकथन आहे, हे मान्य. पण धुळ्याच्या खेड्यातला मुलगा दिल्लीच्या जेएनयूमध्ये फ्रेंचचा प्राध्यापक होतो, ही गोष्ट लोक विकत घेऊन वाचतात, एकमेकांना भेट देतात. कादंबरीबद्दल असं तोंडोतोंडी बोलणं सुरू व्हायला जास्त वेळ लागतो आणि ३०० प्रतींच्या आवृत्तीत तो वेळच मिळत नाही. तुमच्या शिंप्यांनी जे केलं ते आम्हाला कुठल्याही जाहिरातीने साधलं नसतं.

---

जुना सभासद

तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. मी नाशिकचा, आता सत्तरी ओलांडली आहे. माझ्या लहानपणी गल्लीतल्या दुकानातून दहा पैसे रोज भाड्याने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचो. तिथूनच पुढे सार्वजनिक वाचनालयात गेलो. त्या पुस्तकांना कुणी साहित्य म्हणत नव्हतं, पण वाचायची सवय त्यांनीच लावली. आज ती पायरी कुठे आहे, याचा विचार प्रकाशकांनी करावा असं मला कळकळीने वाटतं.

कथासंग्रहांबद्दल थोडं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं, त्याला चार दशकं उलटून गेली. आता गंभीर कथा मुख्यतः दिवाळी अंकांतच येते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, ती परंपरा अजून तग धरून आहे हे आपलं मोठं भाग्य. पण अंकातली कथा पुढे पुस्तकात येईलच असं नाही. “संग्रह चालत नाहीत” हे लेखकांना प्रकाशकांकडून हमखास ऐकावं लागतं. आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेऊन योजना चालते. फाल्गुनापर्यंत अंक फिरतात, नंतर रद्दीत जातात. ग्रंथपालताई, तुम्ही निदान कथांची पानं कापून बांधून ठेवा. मी घरी तसे खंड केले आहेत.

तुमच्या यादीसाठी किरण गुरव यांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’. २०२१चा अकादमी पुरस्कार त्याला आहे, पण मी सुचवतोय ते दोनदा वाचलं म्हणून. खेड्यातून शिकायला शहरात आलेल्या मुलाची खोली, त्याचा डबा, त्याचा भिडस्तपणा! माझ्या नातवाला वाटलं हे त्याच्याच होस्टेलबद्दल आहे.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपासून मी पुस्तकं ऐकतोही. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकायला पुष्कळ झालं आहे. चांगला वाचक असेल तर जुनी कादंबरी नव्याने कळते. पण मला अजून पान हातात लागतं.

---

रातकिडा

मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापूरला होस्टेलवर. काकांनी पायरीबद्दल लिहिलं ना, ती पायरी आमच्या फोनमध्ये आहे. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुली प्रतिलिपीवर मराठी कथामालिका वाचतात. रोज एक भाग. भाग आला नाही तर लेखिकेला मेसेज करतात. लिहिणाऱ्या बहुतेक बायका आहेत, घरातलं सगळं आवरून रात्री लिहिणाऱ्या. हे वाचन कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. सगळं चांगलं असतं असं नाही, पण दोनशे भागांची गोष्ट नेटाने वाचणाऱ्या मुलीला “तू वाचत नाहीस” कसं म्हणायचं?

मी तिथूनच नारायण धारपांकडे आले. ‘तुंबाड’ चित्रपट पाहिल्यावर कळलं की त्यामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे. मग कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं, नव्हतं. साकेतने पुन्हा छापलेली पुस्तकं प्रदर्शनात मिळाली, ती आता खोल्याखोल्यांतून फिरताहेत.

यादीत ही दोन घ्या. प्रणव सखदेवचं ‘काळेकरडे स्ट्रोक्स’, कारण त्यातला मुलगा आमच्यासारखा गोंधळलेला आहे आणि लेखक त्याला उपदेश करत नाही. आणि नंदा खरे यांचं ‘उद्या’. आपली सगळी माहिती दुसऱ्याच्या हातात गेलेलं जग त्यात आहे. पुस्तक आलं २०१४च्या सुमाराला आणि मी वाचलं गेल्या वर्षी, तर वर्तमानपत्र वाचतेय असं वाटत होतं. पहिली पन्नास पानं जड जातात, हे सभासदांना आधीच सांगा म्हणजे सोडून देणार नाहीत.

---

देवघेव

सगळ्यांचे आभार. रातकिडा, “पहिली पन्नास पानं जड जातात” हे वाक्य मी कार्डावर लिहून पुस्तकात ठेवणार आहे. मला याद्यांमधून हवं असतं ते हेच. आमच्याकडे येणाऱ्या मुलींना आता मी प्रतिलिपीवर काय वाचता ते विचारीन. आजवर त्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठीच येतात असं धरून मी त्यांना कथा-कादंबरीचं कपाट दाखवलंच नव्हतं.

काका, कथांची पानं बांधायची सूचना फार आवडली. फाल्गुन संपल्यावर लगेच सुरू करते.

मी स्वतः आग्रहाने देते ते एक पुस्तक सांगायचं राहिलं, जुनं असलं तरी : कविता महाजन यांची ‘ब्र’, २००५ सालची. आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या बायकांबद्दल. आमच्या तालुक्यातल्या एका सरपंचबाईंनी ती नेली आणि परत करायला तीन वेळा मुदत वाढवून घेतली. त्यांचे यजमान बैठकीला त्यांच्या जागी बसायचे. आता त्या स्वतः बसतात. पुस्तकामुळेच असं मी म्हणत नाही, बाई मुळातच खमक्या आहेत. पण त्यातली पानं त्यांनी मला वाचून दाखवली होती.

फर्मा सोळा, मागणी एकदम आली तर पुनर्मुद्रण होतं म्हणालात. आमच्या आसपास ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची वाचनालयं आहेत, त्यांना एकेक प्रत मागवायची म्हणजे टपालखर्चच जड जातो. सगळ्यांची मिळून मागणी दिली तर?

---

फर्मा सोळा

तर माझ्यासारख्याचा प्रश्न सुटतो. दहा वाचनालयांनी एकेक पुस्तक दोन-दोन प्रतींत नक्की केलं, तर वीस प्रतींचा शब्द आधी हातात येतो, आणि त्यावर शंभर छापायचं धाडस करता येतं. वितरकाचा वाटा वाचतो, त्यातून वाचनालयांना ३० टक्के सवलत देऊनही मला परवडतं. ग्रंथालीने सत्तरच्या दशकात वाचकांकडून आधी पैसे घेऊन पुस्तकं काढली, त्यातलं तत्त्व हेच होतं.

टपालाचं म्हणाल तर २०२४च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा आम्ही सगळेच हवालदिल झालो होतो. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ५ किलोत अशा पंधरा कादंबऱ्या बसतात. एका गठ्ठ्यात तुमच्याकडे आल्या की बाकीच्या गावांना एसटीने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवता येतील.

एकच विनंती. मागणीबरोबर गेल्या खेपेच्या पुस्तकांचं काय झालं, कुणी वाचलं, कुणी अर्ध्यात सोडलं, तेही दोन ओळींत कळवा. आमच्या लेखकांना पुरस्काराचं पत्र कधीमधी येतं. शिंप्याने पुस्तक वाचलं हे त्यांना कुणी कळवत नाही.

---

देवघेव

कळवीन, नक्की. शेजारच्या ग्रंथपालांशी बोलले आहे. सहा जण तयार आहेत, बाकीच्यांच्या समितीच्या बैठका व्हायच्या आहेत. आत्तापर्यंतची यादी : किरण गुरव, ‘काळेकरडे स्ट्रोक्स’, ‘उद्या’, धारपांची चार पुस्तकं, खोतांची आधीची एखादी कादंबरी मिळाली तर ती, ‘उसवण’च्या आणखी दोन प्रती, आणि प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’. ही शेवटची सावंतवाडीकडच्या एका सभासदाने फोनवर अर्धा तास बोलून माझ्या गळी उतरवली.

यादी १० मार्चला समितीपुढे ठेवायची आहे. तोवर कुणाला सुचलं तर लिहा. बायकांचे अलीकडचे कथासंग्रह विशेष हवे आहेत, त्या रकान्यात अजून एकही नाव नाही. पुस्तक कशाबद्दल आहे आणि कुणाच्या हातात द्यावं, एवढं सोबत लिहिलंत तर समितीला उत्तर द्यायला मला सोपं जाईल.