मदत हवी आहे: व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प आवाज वाढवला की किंचाळतो

सहासुरी (सांगली)
फेंडर चॅम्प ५एफ१ या छोट्या गिटार अ‍ॅम्पची प्रतिकृती बनवली आहे. सर्किट मूळ नकाशाप्रमाणेच आहे, सगळे जोड तपासून झालेत. गिटारचा आवाज येतो, पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की कर्कश शिट्टी सुरू होते. गिटारची पिन काढली तरी शिट्टी चालूच. शिवाय जाड तारा वाजवल्या की आवाज पसरट आणि दबका येतो, आणि मागे सतत घूं घूं आहेच. शनिवारी विश्रामबागला कार्यक्रम आहे, त्यात हाच अ‍ॅम्प वाजवायचा आहे. नेमकं काय बदलू ते सांगा. कृपया "दुसरा विकत घे" असं सांगू नका.

जुना_रेडिओ (मिरज)
सर्किट बरोबर आहे एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. ट्रान्सफॉर्मर कुठले? रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) कुठला? स्पीकर किती ओहमचा? कुठल्या पिनवर किती व्होल्ट येतात? आतल्या वायरिंगचा फोटो टाका.

आणि मोजताना एक हात खिशात ठेवा. बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. ते उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

नवा_सूर
एवढा खटाटोप कशाला? आता मॉडेलिंग पेडल मिळतं, त्यात चॅम्पचा आवाज तयार असतो. थेट मिक्सरला जोडा. वजन नाही, शॉकची भीती नाही. मी गणपतीच्या सगळ्या कार्यक्रमांत तेच वापरतो.

अजिंक्यतारा (सातारा)
शिट्टी म्हटली की वायरिंग. इनपुट जॅकपासून १२एएक्स७ या पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (सिग्नल शिरतो त्या पिनपर्यंत) शील्डेड वायर टाका, शील्ड एकाच टोकाला जमिनीला जोडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची निळी वायर इनपुटच्या जवळून जात असेल तर ती उचला. मी केलेल्या प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये शिट्टीचं कारण हेच निघालं. फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) वायरी पिळून, चॅसिसच्या कडेला चिकटवून न्या, घूं घूंसुद्धा जाईल.

सहासुरी
@नवा_सूर, पेडल माझ्याकडे आहे. मला हाच अ‍ॅम्प हवाय.
@जुना_रेडिओ, फोटो रात्री टाकतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही इथल्याच एका कारागिराकडून गुंडाळून घेतले. पॉवरचा ३२५-०-३२५ आणि ६.३ व्होल्ट २ अँपिअर. आउटपुट ७ के ते ८ ओहम. स्पीकर १२ इंची, ८ ओहम. पहिल्या कॅपॅसिटरवर ४४२, ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर ४२८, कॅथोडवर २६.५. घरातली लाइट २४३ दाखवते. शील्डेड वायर आधीपासूनच आहे.

जुना_रेडिओ
या आकड्यांनी मला शिट्टीपेक्षा जास्त काळजी लागली. ३२५-०-३२५ वर ५वाय३ हा मूळ रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर ४४२ येणारच नाहीत, त्या व्हॉल्व्हमध्येच बरेच व्होल्ट पडतात. शिवाय तुमच्या यादीत तो तापवायला लागणारं ५ व्होल्टचं वाइंडिंग दिसत नाही. मग रेक्टिफायर काय लावलाय?

सहासुरी
१एन४००७ डायोड, दोन्ही बाजूंना एकेक. ५वाय३ कोल्हापुरात मिळाला नाही आणि मुंबईहून यायला वेळ लागणार होता. डायोडने आवाजात फरक पडत नाही असं बरेच जण म्हणतात. पण शिट्टीचा त्याच्याशी काय संबंध?

जुना_रेडिओ
शिट्टीशी नसेल, पण अ‍ॅम्पच्या आयुष्याशी आहे. हिशेब बघा. २४३ व्होल्टला तुमचं ३२५ चं वाइंडिंग ३४३ देतं, त्याचं शिखर ४८५ च्या आसपास. डायोड लगेच चालू होतो, ६व्ही६ तापायला मात्र थोडा वेळ लागतो. तोवर भार नसल्यामुळे कॅपॅसिटरवर पूर्ण ४८५ येतात. मूळ नकाशात कॅपॅसिटर ४५० व्होल्टचे आहेत, तुमचेही तेच असणार. प्रत्येक डायोडवर उलटे व्होल्ट साधारण ९७० येतात आणि १एन४००७ ची मर्यादा १००० आहे.

आता व्हॉल्व्ह. कॅथोडचे २६.५ व्होल्ट भागिले तिथला ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ५६ मिलिअँपिअर. त्यातले चारेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा करा. उरलेले ५२ गुणिले प्लेट ते कॅथोड ४०१ व्होल्ट, म्हणजे २१ वॅट. ६व्ही६जीटी ची जुन्या पुस्तकातली मर्यादा १२ आहे, नंतरच्या मोजणीने १४. खोलीतला दिवा घालवून बघा, प्लेट लालसर दिसेल.

तरफदार (मिरज)
डबा कशाचा केलाय? स्पीकर १२ इंची म्हणता, मग डब्याला मान द्यायला हवा. मूळ फेंडर पाइनच्या फळ्यांचे, कोपऱ्यात बोटांसारखे सांधे घातलेले. कुपवाड एमआयडीसीत मशिनरीच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, फक्त खिळे नीट काढून घ्या आणि लाकूड वाळलेलं बघा. प्लाय वापरू नका, आवाज बंदिस्त होतो.

अजिंक्यतारा
पाइनचं कौतुक फार झालं. चांगला प्लाय चालतो. पण त्यांचा अ‍ॅम्प शिट्टी मारतोय, डब्याचं नंतर बघू.

तरफदार
नंतर कसं? मिरजेत सतार, तंबोरे करणारे भोपळा पंढरपूरकडचा निवडून आणतात, लाकूड तुणीचं घेतात, वर्षानुवर्षं वाळवतात. तारा नंतर चढतात. स्पीकरची फळी थरथरते तोही आवाजच आहे.

वाइंडर_पोरगा (कुपवाड)
आमचा घरचाच वाइंडिंगचा धंदा आहे, म्हणून दोन गोष्टी विचारतो. स्पीकरकडून १२एएक्स७ मधल्या दुसऱ्या ट्रायोडच्या (दुसऱ्या अर्ध्याच्या) कॅथोडला जाणारा २२ के चा रेझिस्टर लावलाय ना? आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या कशा भरल्यात? ई आणि आय आकाराच्या पत्र्या आलटून पालटून, की सगळे ई एका बाजूला आणि सगळे आय दुसऱ्या बाजूला?

सहासुरी
२२ के आहे, नकाशात आहे म्हणून लावला. पत्र्यांचं मला काय माहीत, कारागिराने भरून दिल्या. वरून बघितलं तर आलटून पालटून दिसतायत. घाई आहे म्हणून विचारतो, यातलं आधी काय करू?

वाइंडर_पोरगा
आधी २२ के. त्याचं एक टोक सोडवा आणि अ‍ॅम्प चालू करा. शिट्टी गेली तर फीडबॅक उलटा लागलाय. ५एफ१ मध्ये स्पीकरचा थोडा सिग्नल मागे नेऊन आवाज सावरायचा असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या गुंडाळीच्या) वायरी उलट जोडल्या गेल्या तर तोच सिग्नल मूळ सिग्नलात भर घालतो आणि अ‍ॅम्प स्वतःच गाऊ लागतो. नकाशा बरोबर आणि सगळे जोड बरोबर असले तरी हे होतं, कारण कुठल्या टोकाला सुरुवात म्हणायची हे गुंडाळणाऱ्यावर असतं. सेकंडरीच्या दोन वायरींची अदलाबदल करा, झालं. बरोबर लागल्याची खूण अशी: २२ के जोडला की आवाज किंचित कमी व्हायला हवा.

पत्र्यांचं काम मात्र मोठं आहे. चॅम्पमध्ये एकच ६व्ही६ असल्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहतो. आलटून पालटून भरलेला गाभा त्या डीसीनेच भरून जातो, मग जाड तारांना जागा उरत नाही. सगळे ई एकीकडे, आय दुसरीकडे आणि मध्ये कागदाची फट हवी. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर असलेल्या पुशपुलमध्ये डीसी एकमेकांना खोडतो, तिथे आलटून पालटून चालतं. बहुतेक कारागिरांना पुशपुलची किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मरचीच सवय असते, सांगितलं नाही तर तसंच भरतात.

अजिंक्यतारा
फीडबॅकचं मान्य, पण शील्डिंगही बघा. मी केलेल्या अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक नव्हताच आणि शिट्टी होती.

वाइंडर_पोरगा
तुम्ही बहुतेक ५ई३ (फेंडरचाच दुसरा अ‍ॅम्प) केला असेल. त्यात फीडबॅक नसतोच, तिथे वायरिंगच बघावं लागतं. हा ५एफ१ आहे.

अजिंक्यतारा
हो, ५ई३ च.

सहासुरी
२२ के सोडवला, शिट्टी बंद! सेकंडरी उलटी केली, २२ के परत जोडला, आवाज किंचित उतरला. व्हॉल्यूम पूर्ण वर नेला तरी शांत आहे. मनापासून आभार. दिवा घालवून पाहिलं, प्लेटच्या कडेला लाल पट्टा आहे. आता डायोडचं काय? ५ व्होल्टचं वाइंडिंग त्यावर वाढवून मिळेल का?

जुना_रेडिओ
तो पट्टा दिसला ना, मग आता एकदाही चालू करू नका. ५ व्होल्टचं वाइंडिंग वरून गुंडाळायचं असेल तर इन्सुलेशन भक्कम हवं, कारण ५वाय३ ची फिलामेंट थेट चारशेच्या घरात बसते. त्यापेक्षा जुन्या रेडिओतला ईझेड८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह शोधा. त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा, १ अँपिअर. १२एएक्स७ चे ०.३ आणि ६व्ही६ चे ०.४५ धरून १.७५ होतात, तुमचं २ अँपिअरचं वाइंडिंग पुरतं. भंगारातल्या फिलिप्स, मर्फीत बघा. मी जमवून ठेवलेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मिरजेहून घेऊन जा.

तरी व्होल्टेज उतरवावं लागेलच, कारण ईझेड८१ ची मर्यादा ३५० व्होल्ट आणि तुमचे आत्ताच ३४३ आहेत. एक छोटा २३० ते १२ चा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याची सेकंडरी मेन्सच्या लाइनमध्ये उलटी लावा, म्हणजे २४३ चे २३० होतात. कॅथोडचा ४७० काढून ६८० लावा, ५ वॅटचा. पहिल्या कॅपॅसिटरच्या जागी १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये घाला आणि प्रत्येकावर २२० के चा रेझिस्टर ठेवा. त्याने व्होल्ट सारखे वाटले जातात आणि बंद केल्यावर कॅपॅसिटर आपोआप रिकामा होतो. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटच्या बल्बच्या सिरीजमधूनच करा.

नवा_सूर
म्हणूनच म्हणत होतो पेडल घ्या.

अजिंक्यतारा
त्यांनी धाग्याच्या पहिल्याच ओळींत नको म्हटलंय. इथे माणूस गोष्ट हातांनी घडवू पाहतोय, त्याला ती घडवायला मदत करूया.

सहासुरी
@जुना_रेडिओ, व्यनि केलाय, उद्या सकाळी मिरजेला येतो. घूं घूं मात्र अजून आहे. आणि कारागिराला पत्र्या परत भरायला तयार केलंय. तो विचारतोय कागद किती जाडीचा ठेवू?

वाइंडर_पोरगा
घूं घूंमध्ये आधी ५० की १०० हर्ट्झ ते ओळखा. ५० असेल तर फिलामेंटचं. दोन १०० ओहमचे रेझिस्टर ६.३ च्या दोन्ही टोकांपासून जमिनीला लावा, मधला बिंदू बनतो. १०० असेल तर फिल्टर कॅपॅसिटर, तो आता बदलतोच आहे.

कागद ०.१ मिमीचा घ्या. साधा झेरॉक्सचा कागद तेवढाच असतो. ई आणि आयच्या मध्ये तिन्ही पायांवर एकच थर, सुरकुती नको. फ्लक्सला ती फट दोनदा ओलांडावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात ०.२ होते, एवढ्या अ‍ॅम्पला पुरते. पत्र्या बोल्टने घट्ट आवळायला सांगा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच गुणगुणतो. नंतर प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीला) १२ व्होल्ट एसी देऊन सेकंडरी मोजा, ०.४ च्या आसपास यायला हवेत. गुणोत्तर साधारण ३० ला १ आहे.

आणि परत भरल्यावर सेकंडरीची टोकं बदलली असतील तर २२ के ची तीच परीक्षा पुन्हा करा.

तरफदार
डबा पाइनचा करायचा असेल तर कुपवाडच्या त्या वखारीत माझ्याबरोबर चला. शनिवारनंतर कधीही.