बाबांबद्दल लिहायला बसले की सगळं छापील वाटतंय, मदत करा

धाकटी_लेक:
बाबांना जाऊन दोन महिने झाले. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस असतो, घरचे सगळे जमणार आहोत आणि मी पाचेक मिनिटं बोलावं असं ठरलंय. चार वेळा लिहिलं, चारही वेळा तेच प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. भाऊ वाचून म्हणाला हे कुणाच्याही बाबांना चालेल, आणि खरंय त्याचं. त्यात आईचा नवरा, आमचे बाबा आणि नातवंडांचे आजोबा ही तीन वेगळीच माणसं वाटतात, आमच्यावर डाफरणारा माणूस नातीला पाठीवर घेऊन घरभर रांगायचा!! कसं बसवायचं एकात?

उशिरा_झोपणारा:
विशेषणं सगळी खोड आधी. प्रेमळ म्हणजे नक्की काय करायचे ते लिही, कुठे बसायचे, फोन उचलल्यावर पहिला शब्द काय, कशावरून हमखास चिडायचे. हो, चिडणंही घे, घरचे त्यालाच जास्त हसतील. आणि सावकाश बोललं तर पाच मिनिटांत ५०० ते ६०० शब्द होतात, तू ४०० च लिही कारण मध्ये गळा दाटणार. मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, डोळे भरले की बारीक अक्षर दिसत नाही (अनुभव आहे).

जुना_अल्बम:
आईंना "बाबा कसे होते" असं विचारू नका, "चांगले होते" एवढंच येतं. लग्नानंतरचा एखादा फोटो हातात द्या, विचारा हा कुणी काढला, तेव्हा भांडण चालू होतं का, आणि मग गप्प बसा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, त्यांना सांगून. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. बाबांचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच वेगळे कॉपी करून ठेवा, मी फोन बदलताना घालवलेत. त्यांचं गूगल खातंही बघा, २ वर्षं कुणी वापरलं नाही तर फोटोंसकट डिलीट होऊ शकतं.

धाकटी_लेक:
थँक्यू दोघांना. काल आईजवळ फोटो घेऊन बसले, तास दीड तास बोलत होती. म्हणे लग्न ठरल्यावर बाबा पत्रं लिहायचे त्यात तारीख तर असायचीच पण वेळही, "रात्री ११.२०" वगैरे, आणि आत मजकूर चार ओळी! आणि मला एकदम आठवलं, घड्याळात नवा सेल घातला की ते त्यावर पेनाने तारीख टाकायचे, आम्ही किती चिडवायचो त्यावरून. दाराच्या चौकटीवर नातीची उंची पेन्सिलने, तिथेही तारीख. म्हणजे तिघं कुठले, माणूस एकच की! तिथूनच सुरुवात करणार आहे. फक्त हॉलमधलं घड्याळ आता मागे पडायला लागलंय, त्यातल्या सेलवर त्यांचं अक्षर आहे आणि आई तो बदलू देत नाहीये.

जुना_अल्बम:
बदला मात्र. संपलेला सेल आत राहिला तर गळतो आणि घड्याळ खराब होतं. जुना छोट्या पिशवीत घालून आईंच्या कपाटात ठेवा, पण आधी त्याचा फोटो काढा. आणि नव्यावर तारीख आईंना टाकू दे.