स्मार्ट थर्मोस्टॅट : घरी कोणी नसताना हीटिंग खाली आणायचं की नाही?

प्रश्न :
सेंट्रल हीटिंगला (एकाच यंत्रणेने सगळं घर तापवणं) स्मार्ट थर्मोस्टॅट बसवून घेतलाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटिंग चालू-बंद करणारं, ॲपवरून चालणारं यंत्र. दिवसभर घरी कोणी नसतं, तर तेव्हा तापमान खाली आणावं की एकसारखं २० अंशांवरच ठेवावं? काहीजण म्हणतात घर गार पडलं की परत तापवायला उलट जास्त इंधन जातं. खरं काय? आणि हॉलमध्ये २० दाखवतो तरी बेडरूममध्ये थंडी वाजते, ते कशामुळे?

उत्तर १ :
बिनधास्त खाली आणा. उष्णता बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानात जेवढा फरक असेल त्या हिशोबाने, म्हणजे घर जितका वेळ गार तितका वेळ गळती कमी, आणि परत तापवायला जे लागतं ते वाचलेल्यापेक्षा कमीच असतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे की रोज ८ तास साधारण ४ ते ५ अंश सेल्सियसने बदल ठेवला तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं. फक्त आल्या आल्या २६ वर नेऊ नका, साधा चालू-बंद बॉयलर (इंधन जाळून हीटिंगचं पाणी तापवणारं यंत्र) त्याने लवकर तापवत नाही, बंद तेवढा उशिरा होतो.

उत्तर २ :
वरचं बरोबर, पण बॉयलर असेल तर!! हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढून आणणारं यंत्र) असेल तर जपून. एकदम ५ अंश चढवायला सांगितलं की बऱ्याच सिस्टिममध्ये जोडीचा इलेक्ट्रिक हीटर चालू होतो आणि तो एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, तर हीट पंप तेवढ्यातच दोन-तीन युनिट देतो, म्हणजे दिवसभर वाचवलेलं संध्याकाळच्या तासाभरात जाऊ शकतं. तिथे १-२ अंशच उतरवा. अंडरफ्लोअर हीटिंगलाही तेच, फरशी तापायलाच किती वेळ घेते.

उत्तर ३ :
बेडरूमचं सांगतो. थर्मोस्टॅटला स्वतःच्या जागचंच तापमान कळतं. शेजारी टीव्ही असेल, ऊन येत असेल किंवा खाली रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारं पॅनेल) असेल तर त्याला वाटतं झालं घर गरम, आणि बॉयलर बंद. आधी जागा बदला, नाहीतर वेगळा रूम सेन्सर मिळतो तो बेडरूममध्ये ठेवा आणि रात्रीपुरतं ॲपमध्ये त्यालाच मुख्य करा. अजून एक, हे कोणी सांगत नाही : थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. खोली तापली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असेल आणि तो आधीच बंद झाला तर हॉल कधी २० ला पोचतच नाही आणि बॉयलर बाकीच्या खोल्या तापवत बसतो.

प्रश्नकर्ता :
गॅस बॉयलर आहे आणि थर्मोस्टॅट टीव्हीच्या अगदी वरच लावलाय. जागा बदलून घेतो, दिवसाचं १६ वर सेट करतो. खूप आभार सगळ्यांचे 🙏