प्रतिसाद: वाई ते पाचगणी, मध्ये काय?

वाईत ढोल्या गणपती पाहिला की थेट पाचगणी गाठावी, मध्ये थांबण्यासारखं काही नाही, हे वरचं मत मला पटलं नाही. तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. आम्हीही वाड्यासाठीच गेलो होतो, पण रमलो ते घाटावरच्या एका घंटेपाशी! छोट्याशा दगडी देवळात टांगलेली ही भलीमोठी घंटा चक्क पोर्तुगीज चर्चची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. माझी लेक तर तिथून हलायलाच तयार नव्हती. सकाळी लवकर जा, घाट अगदी शांत असतो.