मुलांच्या मेंदूतली गाठ : चार आठवड्यांत एमआरआय सक्तीचा हवा का?

आसावरी_पुणे
ब्रिटनमध्ये 2011 साली मुलांच्या मेंदूतली गाठ लवकर ओळखता यावी म्हणून ‘हेडस्मार्ट’ मोहीम सुरू झाली. त्याआधी लक्षणं दिसल्यापासून निदान व्हायला निम्म्या मुलांना 14 आठवड्यांहून जास्त लागायचे. दोनेक वर्षांत हा आकडा 7 च्या खाली आला. आपल्याकडे मूल सकाळी उठल्या उठल्या उलटी करतं. मग जंताचं औषध, ॲसिडिटीचं सिरप, चष्म्याचा नंबर आणि शेवटी ‘शाळेचा कंटाळा’. दर वेळी डॉक्टर नवा, आधीची चिठ्ठी घरी. माझं मत स्पष्ट आहे: डोकेदुखी चार आठवडे टिकली की एमआरआय झालाच पाहिजे.

बालरोग_सांगली
झालाच पाहिजे? डोकं दुखतं म्हणून ओपीडीत येणाऱ्या बहुतेक मुलांना मायग्रेन असतो, नाहीतर सर्दी-ताप. लहान मूल मशीनमध्ये निपचित पडून राहत नाही, भूल द्यावी लागते. सीटी झटपट होतो, पण त्यात किरणोत्सर्ग. शिवाय ब्रिटनच्या डॉक्टरांसाठीच्या सूचनांतले चार आठवडे म्हणजे शंका आल्यावर स्कॅन करायची कमाल मुदत. तोल जाणाऱ्या मुलाला मी चार दिवसही थांबवणार नाही.

आसावरी_पुणे
त्याच सूचनांत डोकेदुखी चार आठवडे किंवा उलट्या दोन आठवडे टिकल्या तर गाठीचा विचार करा, असंही आहे की!

बालरोग_सांगली
विचार करा! म्हणजे मुलाला फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावून चालवा, डोळ्यांचा पडदा बघा, मान एका बाजूला कलते का ते बघा, बाळ असेल तर डोक्याचा घेर टेपने मोजा. पाच-दहा मिनिटांचं काम. ते कोणी करत नाही, हे खरं दुखणं.

मिलिंद_ठाणे
मुळात लवकर निदान म्हणजे जीव वाचला, हे समीकरणच चुकीचं. आक्रमक गाठ झपाट्याने लक्षणं दाखवते, संथ गाठ महिनोन्‌महिने लपते. उशीर आणि मृत्यू यांचा सरळ हिशेब लागत नाही.

रेवती_नाशिक
जिवाचं ठीक, नजरेचं काय? डोळ्याची नस सुकली की गेलेली दृष्टी परत येत नाही. मणक्यातली गाठ तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते. पोर रात्री पाठदुखीने उठतं, पाय ओढत चालतं, लघवी सुटते, आणि आपण ‘दप्तर जड आहे’ म्हणून मोकळे! पाय लुळे पडायच्या आधी ऑपरेशन झालं तर फरक पडतो, मिलिंदराव.

मिलिंद_ठाणे
मणक्याचं मान्य. सक्ती तरीही नको. तालुक्याच्या गावी एमआरआय आहे कुठे? आणि खर्च कोण देणार?

बालरोग_सांगली
तेच तर. आणि आसावरीताई, सक्ती करायचीच तर केसपेपरवर ‘तोल’ आणि ‘डोळ्यांचा पडदा’ असे दोन रकाने छापायची करा. रिकामे सोडले तर विचारता तरी येईल.

आसावरी_पुणे
रकाने भरले आणि पडद्यावर सूज दिसली, तर स्कॅन त्याच दिवशी. एवढं लिहून देत असाल तर माझे चार आठवडे मागे घेते.